हळदीचे ८०० फोटो आणि एक लुकअप टेबल: रंग सुधारण्याची पद्धत, पायरीपायरीने

कुठूनतरी मिळालेली तयार 'लट' (LUT, म्हणजेच लुकअप टेबल) सगळ्या फोटोंवर टाकायची, निम्म्या फोटोंत चेहरे नारिंगी झाले की ती काढून दुसरी टाकायची, आणि दुसरीने भिंतीवर पट्टे आणले की तिसरी शोधायला निघायचं. लग्नाचं काम करणाऱ्या अनेकांचं असंच चाललेलं मी पाहते. पायथनमध्ये स्वतः टेबल बनवणारेही वेगळ्या वाटेने त्याच खड्ड्यात पडतात. बहुतेक वेळा टेबल ठीक असतं, पण ते चुकीच्या जागी, चुकीच्या क्रमाने किंवा चुकीच्या फोटोवर लावलेलं असतं.

एक गोष्ट मनात पक्की धरा: लुकअप टेबल फोटो पाहत नाही, आकडा पाहतं (पिक्सेलमधला लाल, हिरवा किंवा निळा किती, ते ० ते २५५ मध्ये सांगणारा). ६४ आला की ९५ द्यायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो ६४ नवरीच्या केसांतला की मंडपाच्या पडद्यावरचा, हे त्याला कळत नाही. म्हणून खरं काम टेबलच्या आधीचं आहे. सगळ्या फोटोंत एकाच आकड्याचा अर्थ एकच असला पाहिजे.

उदाहरण म्हणून कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांखाली काढलेले हळदीचे ८०० फोटो घेऊ. यात जवळपास सगळ्या चुकांना वाव आहे.

## पायरी १: हे काम टेबलचं आहे का?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: अगदी याच रंगाचा पिक्सेल फोटोच्या दुसऱ्या कोपऱ्यात असता, तर त्याचंही हेच व्हायला हवं का?

उत्तर 'हो' असेल तर काम टेबलचं. उजेड वाढवणं, कॉन्ट्रास्ट, पिवळेपणा काढणं, हिरव्याला थोडं निळ्याकडे नेणं, रंग फिके किंवा गडद करणं, हे सगळं त्यात आलं. उत्तर 'नाही' असेल तर टेबल विसरा. कडा अंधारणं, फक्त चेहरा उजळणं, नॉइज काढणं, शार्प करणं यांना जागा किंवा शेजारचे पिक्सेल लागतात, आणि टेबलकडे दोन्ही नसतं.

सावध: बऱ्याच रॉ एडिटरमधली (रॉ म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) शॅडोज, हायलाइट्स, क्लॅरिटी, डीहेझ ही बटणं आजूबाजूचा भाग बघून काम करतात. दिसायला ती साधी उजेडाची वाटतात, पण टेबलमध्ये नीट उतरत नाहीत. पायरी ७ मध्ये याचा फटका बसतो.

## पायरी २: एकमितीय की त्रिमितीय?

एकमितीय टेबलमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी ० ते २५५ असे २५६ खाने असतात. लाल, हिरवा, निळा मिळून ७६८ आकडे. प्रत्येक चॅनेल आपापला आकडा बघून बदलतं आणि बाकीच्या दोघांकडे ढुंकूनही पाहत नाही.

त्यामुळे सॅच्युरेशन एकमितीय टेबलने होतच नाही. लाल २००, हिरवा २००, निळा २०० हा राखाडी. लाल २००, हिरवा ६०, निळा ६० हा कुंकवासारखा लाल. सॅच्युरेशन वाढवताना पहिला तसाच राहायला हवा आणि दुसरा बदलायला हवा. पण लालच्या टेबलला दोन्हीकडे २०० च दिसतो, मग दोघांना वेगळं उत्तर ते कुठून देणार?

तिथे त्रिमितीय टेबल लागतं. तीन आकडे एकत्र आत जातात, तीन एकत्र बाहेर येतात. ८ बिटमध्ये, म्हणजे दर चॅनेलला ० ते २५५ धरून, असे रंग होतात १,६७,७७,२१६. प्रत्येकाचं उत्तर लिहायचं तर सुमारे ५ कोटी बाइट लागतील, म्हणून जाळी वापरतात. प्रत्येक बाजूला ३३ बिंदू घेतले तर ३५,९३७ ओळी, १७ घेतले तर ४,९१३, ६५ घेतले तर २,७४,६२५. मधले आकडे अंदाजाने काढायचे. अकरावी-बारावीला लॉग टेबल वापरलं असेल, तर चौथ्या अंकासाठी उजवीकडच्या 'मीन डिफरन्स'च्या रकान्यातला आकडा मिळवायचो ते आठवा. इथेही तसंच होतं, फक्त तीन दिशांनी.

जे एकमितीयने होतं ते एकमितीयनेच करा. त्यात अंदाज नसतो, प्रत्येक खान्याचं उत्तर नेमकं असतं. वेगही अफाट. ६००० × ४००० च्या फोटोत तिन्ही चॅनेलचे मिळून ७ कोटी २० लाख आकडे असतात. गॅमाचं (मधले टोन उजळ-गडद करणाऱ्या कर्व्हचं) घातांकी गणित तेवढ्या वेळा करण्यापेक्षा २५६ वेळा करून ठेवायचं आणि पुढे फक्त खान्यातून उचलायचं.

## पायरी ३: तयारी (इथे घाई करू नका)

उजेडाप्रमाणे फोटो वेगळे करा. सकाळी अंगणात हळद, दुपारी हॉलमध्ये पिवळे दिवे, संध्याकाळी एलईडी आणि फ्लॅश, म्हणजे तीन फोल्डर आणि तीन टेबलं. एकाच फोटोत अर्ध्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड आणि अर्ध्यावर दिव्याचा असेल, तर तो फोटो बाजूला काढा. त्याला हाताने, भाग निवडूनच सुधारावं लागतं.

प्रत्येक फोल्डरमध्ये कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरं दिसावं म्हणून केलेली जुळवणी) एकच राहिलेला हवा. ऑटोवर काढलेल्या जेपेगमध्ये कॅमेरा दर फोटोला स्वतःचं डोकं चालवतो. शेजारशेजारच्या दोन फोटोंत तोच चेहरा, पण आकडे वेगळे. रॉ असतील तर सगळ्यांना आधी एकच व्हाइट बॅलन्स द्या.

राखाडी कार्डाचा एक फोटो हवा. प्रत्येक उजेडात एक. कार्ड नवरीच्या चेहऱ्याजवळ, चेहऱ्यावर पडणारा उजेडच कार्डावर पडेल असं धरा. हळदीत हे विशेष महत्त्वाचं, कारण तिथे चौकटीतला बराच भाग मुळातच पिवळा असतो: हळद, झेंडू, पिवळी साडी. 'ऑटो' व्हाइट बॅलन्स त्या पिवळ्याला दिव्याचा दोष समजून काढायला जातो, मग हळद फिकट होते आणि गाल निळसर दिसतात.

कार्ड नसेल तर पांढरा सदरा चालेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही. पांढऱ्या कपड्यांना नीळ दिलेली असते, आणि अनेक डिटर्जंटमध्येही कापड जास्त पांढरं भासवणारी द्रव्यं असतात. त्यांनी कापड निळसर होतं. त्यावरून हिशेब केलात तर सगळा फोटो पुन्हा पिवळ्याकडे झुकतो.

कलर प्रोफाइल (फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता हे सांगणारी माहिती) एक करा. ॲडोबी आरजीबीतला २०० आणि एसआरजीबीतला २०० हे वेगळे रंग आहेत. आयफोनचे फोटो साधारणपणे डिस्प्ले पी-३ मध्ये असतात. सगळं आधी एसआरजीबीत *रूपांतरित* करा. नुसतं प्रोफाइलचं लेबल बदललं तर आकडे तेच राहतात आणि दिसणारा रंग बदलतो. फोटोशॉपमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' आणि 'असाइन प्रोफाइल' हे दोन वेगळे पर्याय त्याचसाठी आहेत. आपल्याला पहिला हवा.

सावध: ओपनसीव्ही (पायथनमध्ये फोटो हाताळणारी लायब्ररी) फोटो वाचताना आतलं प्रोफाइल लक्षात घेत नाही आणि लिहिताना परत जोडतही नाही. नवरीच्या बहिणीने आयफोनवर काढलेले फोटो या वाटेने गेले की फिकट दिसतात. लोक त्यासाठी टेबलमध्ये सॅच्युरेशन वाढवतात, आणि मग कॅमेऱ्याचे फोटो भडक होतात.

मूळ फोटोंना हात लावू नका. प्रतींचं वेगळं फोल्डर करा. इमेजमॅजिक या कमांड-लाइन साधनाची 'मोग्रिफाय' आज्ञा वेगळी जागा दिली नाही तर मूळ फाइलवरच लिहिते, आणि तिथे पूर्ववत करायची सोय नाही.

तपासा: एका फोल्डरमधले पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन फोटो उघडा. तिन्हींत दिसणारी एखादी न हलणारी वस्तू, समजा मंडपाचा खांब, ड्रॉपरने मोजा. लाल, हिरवा, निळा यांचं आपसातलं *गुणोत्तर* तिन्हीकडे जवळपास सारखं यायला हवं. येत नसेल तर पुढे जाऊ नका, पुन्हा वर्गवारी करा.

## पायरी ४: पिवळेपणा काढणारं टेबल

कार्डाच्या मधल्या भागाची सरासरी घ्या. एकाच पिक्सेलवर विश्वास ठेवू नका, निदान ५० × ५० चा चौकोन घ्या. समजा आकडे आले: लाल १४२, हिरवा १२८, निळा १०४. राखाडी कार्ड आहे, म्हणजे तिन्ही सारखे हवे होते.

पहिली चूक इथेच होते. लोक लालमधून १४ वजा करतात आणि निळ्यात २४ मिळवतात. कार्ड राखाडी होतं, समाधान वाटतं. आता केस बघा. काळ्याभोर केसांचा पिक्सेल होता २०, १८, १५. वजाबाकी-बेरीज करून तो झाला ६, १८, ३९. केस निळे! दिव्याचा रंग बेरजेने चढत नाही, गुणाकाराने चढतो, म्हणून काढायचाही भागाकारानेच. लाल गुणिले १२८/१४२ म्हणजे ०.९०१, निळा गुणिले १२८/१०४ म्हणजे १.२३१. केसांचा पिक्सेल आता १८, १८, १८ येतो.

दुसरी चूक यातच दडलेली आहे, आणि ती बऱ्याच अनुभवी लोकांकडूनही होते. कपाळावरची चमक किंवा नथीच्या मोत्यावरचा ठिपका तिन्ही चॅनेलमध्ये २५५ वर अडकलेला असतो. वरचे गुणक लावले की लाल होतो २३०, हिरवा २५५ च राहतो, निळा २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही म्हणून तोही २५५. पांढरी चमक मोरपंखी झाली.

उपाय सोपा आहे. कुठलाही गुणक १ च्या खाली जाऊ देऊ नका. सगळ्यांना सगळ्यात लहान गुणकाने भागा:

- लाल: १
- हिरवा: १४२/१२८, म्हणजे १.१०९
- निळा: १४२/१०४, म्हणजे १.३६५

आता २५५ चं तिन्हीकडे २५५ च राहतं. याची किंमत अशी की हिरव्यात २३० पासून पुढचं आणि निळ्यात १८७ पासून पुढचं सगळं २५५ ला टेकतं, आणि फोटो एकंदर जरा उजळतो. म्हणूनच पिवळ्या दिव्यांखाली फोटो थोडे अंधारे काढावेत असं मी सांगते.

आता प्रत्येक चॅनेलचे २५६ खाने भरा: खान्याचा क्रमांक गुणिले गुणक, २५५ च्या वर गेलं तर २५५. पूर्णांक मात्र *अजून करू नका*. का, ते पुढच्या पायरीत येतं.

एक्सपोजरही याच टेबलात धरता येतो. पण एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे उजेड दुप्पट करायचा, तर आकडे २ ने गुणायचे नसतात. फाइलमधले आकडे प्रत्यक्ष उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, साधारण २.२ च्या गॅमाने दाबलेले असतात. त्यामुळे एका स्टॉपसाठी गुणक येतो सुमारे १.३७.

## पायरी ५: उजेडाचं टेबल, आणि दोघांचं एक

मधले टोन उचलण्यासाठी गॅमा १.४ घेऊ. प्रत्येक खान्यात: क्रमांक भागिले २५५, त्याचा १/१.४ वा घात, गुणिले २५५. काही खाने असे येतात:

- ० चं ०
- १ चं ५
- २ चं ८
- ३ चं ११
- १६ चं ३५
- ६४ चं ९५
- १२८ चं १५६
- २०० चं २१४
- २५३ चं २५४, आणि २५४ चंही २५४

वरचे चार आकडे नीट बघा: ०, ५, ८, ११. मूळ फोटोत सावलीत सलग पायऱ्या होत्या, आता मधल्या गायब आहेत. अंधाऱ्या पडद्यावर दिसणारे पट्टे इथून येतात. वरच्या टोकाला उलट होतं, दोन वेगळ्या पायऱ्या एक होतात. ८ बिटच्या जेपेगला हे टाळता येत नाही, फक्त मर्यादेत ठेवता येतं. सावली जास्त उचलायची असेल तर रॉपासून १६ बिटमध्ये सुरुवात करा. निकाल १६ बिट टिफमध्ये साठवला तर गेलेल्या पायऱ्या परत येतील असं अनेकांना वाटतं. २५६ खान्यांच्या टेबलमधून एका चॅनेलला २५६ पेक्षा जास्त वेगळी उत्तरं येऊच शकत नाहीत, फाइल कितीही मोठी करा.

आता दोन्ही टेबलं एकत्र करायची. आधी व्हाइट बॅलन्स, त्याच्या *अपूर्णांकी* उत्तरावर गॅमा, आणि पूर्णांक सगळ्यात शेवटी, एकदाच. फरक किती पडतो ते निळ्याच्या ६४ व्या खान्यात बघा. ६४ गुणिले १.३६५ म्हणजे ८७.३८. त्यावर गॅमा लावला की ११८.६६, पूर्णांक ११९. मध्येच ८७ करून पुढे गेलात तर ११८.२९, पूर्णांक ११८. एका खान्यात एकाचा फरक क्षुल्लक वाटेल. पण तो काही खान्यांत पडतो आणि काहींत नाही, म्हणून भिंतीसारख्या सलग भागात हलक्या रंगाचे पट्टे उमटतात. चार-पाच टेबलं एकामागून एक लावली की ते साध्या डोळ्यांना दिसतात.

क्रम असा ठेवा: व्हाइट बॅलन्स, मग एक्सपोजर, मग गॅमा, मग कॉन्ट्रास्टचा एस-कर्व्ह (सावली गडद आणि उजेड उजळ करणारा S आकाराचा कर्व्ह). कर्व्हनंतर व्हाइट बॅलन्स करू नका. वाकवलेल्या आकड्यांवर एकच गुणक सावलीला, मधल्या टोनला आणि उजेडाला सारखा लागू पडत नाही. कार्ड राखाडी दिसेल आणि सावल्या रंगीत राहतील.

सावध: नमपायमध्ये (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत) ८ बिटचा आकडा २५५ ओलांडला की तिथे थांबत नाही, पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. २५० मध्ये १० मिळवले की ४ येतात. पांढऱ्या फुलांत काळे ठिपके दिसले तर कारण हेच. आधी ० ते २५५ मध्ये छाटा, मग पूर्णांक करा, मग ८ बिटचा प्रकार द्या. याच क्रमाने.

## पायरी ६: फोटोंवर लावण्याआधी चार चाचण्या

चढती चाचणी. प्रत्येक खाना आधीच्या खान्याएवढा किंवा मोठा हवा. एखादा कमी झाला तर कर्व्ह कुठेतरी खाली वळलाय, आणि त्या टोनचे रंग निगेटिव्हसारखे उलटतील.

राखाडी पट्टी. डावीकडे ०, उजवीकडे २५५ अशी सलग पट्टी बनवा आणि तिच्यावर फक्त गॅमा-कॉन्ट्रास्टचं टेबल लावा. ती राखाडीच राहिली पाहिजे. पूर्ण टेबल लावलं की पट्टी निळसर होईल, आणि ते बरोबरच आहे. राखाडी व्हायचंय ते कार्ड.

कार्डाचा फोटो. पूर्ण टेबल लावून मोजा. तिन्ही आकडे सारखे यावेत, एखाद-दुसऱ्याचा फरक चालेल.

चॅनेलचा क्रम. ओपनसीव्ही फोटो निळा, हिरवा, लाल अशा क्रमाने देतं. पिलो (पायथनची दुसरी फोटो लायब्ररी) आणि बाकी बरीच साधनं लालपासून सुरू करतात. तुमचं टेबल लाल-हिरवा-निळा क्रमाने भरलेलं असेल आणि फोटो ओपनसीव्हीने वाचला असेल, तर निळ्याचा १.३६५ लालला लागतो आणि पिवळा फोटो भगवा होतो. जसाच्या तसा आकडा देणाऱ्या एकमितीय टेबलने ही चूक सापडत नाही, कारण त्यात तिन्ही चॅनेल सारखेच असतात. त्याऐवजी लालचे सगळे खाने शून्य करून एक टेबल लावून बघा. फोटो मोरपंखी झाला तर क्रम बरोबर. पिवळा झाला तर निळा शून्य झालाय, म्हणजे क्रम उलटा आहे.

पारदर्शक पीएनजीवर काम असेल तर चौथ्या चॅनेलला हे टेबल लावू नका. पिलोच्या 'पॉइंट'ला अशा फोटोसाठी १,०२४ आकडे लागतात. शेवटच्या २५६ खान्यांत ० ते २५५ जसेच्या तसे भरा.

## पायरी ७: रंगांचा पोत, त्रिमितीय टेबलने

फोल्डर एकसारखं झालं, कार्ड राखाडी झालं, की मगच इथे या. शालूचा लाल थोडा गहिरा करणं, हिरव्या चुड्याचा पोपटीपणा उतरवणं, त्वचेला हात न लावता पिवळा नीट करणं ही इथली कामं.

टेबल बनवायचे दोन मार्ग मी वापरते.

फोटोशॉप असेल तर एक नमुना फोटो बॅकग्राउंड लेयर म्हणून उघडा आणि वर फक्त ॲडजस्टमेंट लेयर घ्या: कर्व्ह, ह्यू-सॅच्युरेशन, कलर बॅलन्स. मास्क नको, ब्रश नको. मग फाइल मेनूतल्या 'एक्स्पोर्ट'मध्ये 'कलर लुकअप टेबल्स' निवडा आणि क्यूब फाइल (त्रिमितीय टेबल साठवणारी .cube फाइल) काढा. बॅकग्राउंड लेयर नसेल तर ही आज्ञा चालत नाही.

दुसरा मार्ग कुठल्याही एडिटरला चालतो. इमेजमॅजिककडून 'हाल्ड' चित्र काढून घ्या. पातळी ८ घेतली तर ५१२ × ५१२ चं चित्र मिळतं आणि त्यात प्रत्येक बाजूला ६४ बिंदूंची अख्खी रंगजाळी पसरलेली असते. तुमच्या आवडत्या एडिटरमध्ये नमुना फोटोवर जे बदल केलेत तेच हुबेहूब या चित्रावर करा आणि पीएनजीत साठवा. झालं टेबल. इमेजमॅजिक, एफएफएमपेग (व्हिडिओचं साधन) आणि रॉथेरपी (रॉ एडिटर) ते थेट घेतात.

सावध: हाल्ड चित्र जेपेगमध्ये साठवू नका. दाबणीत शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात आणि टेबल बिघडतं. त्याचा आकार बदलू नका. 'ऑटो' बटण दाबू नका, ते हाल्ड चित्रातले रंग बघून ठरवेल, तुमच्या फोटोतले नाही. पायरी १ मधली क्लॅरिटी-डीहेझ मंडळी इथे पूर्ण बंद हवीत, शार्पनिंगही.

क्यूब फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, एकदा उघडून पाहाच. वर जाळीचा आकार असतो, खाली ओळीओळीने तीन-तीन अपूर्णांक. ओळींमध्ये लाल सगळ्यात लवकर बदलतो, मग हिरवा, सगळ्यात सावकाश निळा. स्वतः वाचक लिहिणारे हाच क्रम उलटा धरतात. इथे मात्र जसाच्या तसा रंग देणारं टेबल चाचणीला उपयोगी पडतं: लाल गोष्ट निळी दिसली तर क्रम चुकलाय.

फोटोंना ३३ चा आकार बहुतेक वेळा पुरतो. पट्टे दिसले तर ६५ घ्या. १७ चं टेबल मी कॅमेरा मॉनिटरवर बघण्यापुरतंच वापरते. मधले आकडे काढायची पद्धत निवडता येत असेल तर 'टेट्राहेड्रल' घ्या, एफएफएमपेगमध्ये तीच ठरलेली असते. 'ट्रायलिनियर' पद्धत घनाच्या आठही कोपऱ्यांचे रंग मिसळते, त्यामुळे राखाडीत शेजारच्या रंगांची छटा येऊ शकते. टेट्राहेड्रलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा कर्ण सरळ दोन कोपऱ्यांमधूनच काढला जातो, म्हणून राखाडी राखाडीच राहतो. 'निअरेस्ट' कधीच नको.

### तयार टेबल वापरत असाल तर

ते कोणत्या फोटोसाठी बनवलंय हे आधी बघा. व्हिडिओवाल्यांची बरीच टेबलं लॉग फुटेजसाठी, म्हणजे मुद्दाम फिकट, कमी कॉन्ट्रास्टने नोंदवलेल्या व्हिडिओसाठी असतात. सोनीच्या एस-लॉग-३ मध्ये ९० टक्के परावर्तन करणारा पांढरा १०२३ पैकी ५९८ वर बसतो. ८ बिटच्या हिशेबात ते झाले १४९. म्हणजे हे टेबल १४९ ला 'पांढरा' समजून उत्तर देतं. तुमच्या साध्या जेपेगमध्ये उजळ गाल सहज १४९ च्या वर असतात. चेहऱ्यांवरचे उजळ भाग तपशील हरवून पांढरे पडतात आणि चेहरे नारिंगी होतात ते यामुळे. जोर कमी करून हे सुटत नाही, ते टेबल या फोटोसाठी नाहीच.

जोर कमी करायचा असेल, समजा ६० टक्के, तर तो टेबलमध्येच मुरवा: प्रत्येक ओळीत मूळ रंग अधिक ०.६ गुणिले (टेबलचा रंग वजा मूळ रंग). लेयरचा पारदर्शकपणा कमी करून येईल तेच उत्तर, आणि दर फोटोला मिसळायचं काम वाचतं.

## पायरी ८: सगळ्या फोल्डरवर

क्रम असा: फोटो उघडा, एसआरजीबीत आणा, एकत्र केलेलं एकमितीय टेबल, मग त्रिमितीय, मग हवा तो आकार, मग शार्पनिंग, आणि एकदाच जेपेग साठवून एसआरजीबीचं प्रोफाइल जोडा. मधल्या टप्प्यांवर जेपेग साठवायचा नाही. थांबावंच लागलं तर १६ बिट टिफ.

आधी १० फोटोंवर चालवा. त्यात एक सगळ्यात अंधारा, एक सगळ्यात उजळ, एक गर्दीचा आणि एक जवळून चेहऱ्याचा असू द्या. सगळे लहान करून एका पानावर शेजारशेजार लावा. एकेक फोटो उघडून बघितलं तर डोळा सवयीने जुळवून घेतो, शेजारी ठेवला की वेगळा पडलेला लगेच दिसतो.

तपासा, मोठं करून: कानामागची सावली (हिरवट तर नाही ना), नथीचा मोती (चमक पांढरी आहे ना), हळद लागलेला गाल आणि हळद न लागलेली मान यांची सीमा (ती दिसायला हवी, पुसली गेली तर पिवळा जास्त ओढलाय), आणि मागचा पडदा (पट्टे).

एखादा फोटो वेगळा पडला तर टेबलला हात लावू नका. एका फोटोसाठी टेबल वाकवलं की बाकीचे ७९९ वाकतात. आधी तो फोटो चुकीच्या फोल्डरमध्ये आलाय का बघा. बहुतेक वेळा कोणीतरी मध्येच खिडकीचा पडदा सरकवलेला असतो. तो फोटो दिवसाच्या उजेडाच्या फोल्डरमध्ये टाका, तिथलं टेबल लावा, आणि तरीही जमलं नाही तर हाताने करा.

शेवटी टेबलच्या फाइलला 'फायनल २' असलं नाव देऊ नका. नावात उजेड, मूळ प्रोफाइल, बिट आणि जाळीचा आकार लिहा: 'हॉल-पिवळा-एसआरजीबी-८बिट-३३'. शेजारी एका टेक्स्ट फाइलमध्ये कार्डाचे तीन आकडे आणि गॅमा टिपून ठेवा. अल्बम छापायला जाताना कोणी 'हा फोटो पुन्हा काढून द्या' म्हटलं, की १४२, १२८, १०४ आणि १.४ एवढ्यावरून तेच एकमितीय टेबल दोन मिनिटांत पुन्हा उभं राहतं.